मनगटाची मूठ

सकाळचा उजेड आमच्या खोलीत थेट कधीच येत नसे. समोरच्या इमारतीच्या काचांवर तो आधी पडे, तिथून परतून आमच्या खिडकीत शिरे. त्या उसन्या उजेडाला थोडा हिरवट थंडावा असे. प्रथम तो छताच्या कडेला उमटे. मग भिंतीवरून, खुंटीवरच्या बाबांच्या जाड सदऱ्यावरून, आईने उपड्या घातलेल्या पातेल्यांवरून सावकाश उतरत पलंगाशी येई आणि बाबांच्या उजव्या तळहातात जाऊन थांबे. तळहात उताणा, बोटं किंचित वाकलेली. एवढं मऊ ओझं त्या हातावर बहुधा कधीच पडलं नव्हतं.

बाबा काच कापत. हिऱ्याच्या टोकाचं कटर एकदा फिरवलं की काच त्यांचं ऐके. म्हणून कारखान्यात सगळे त्यांना हिरेवाले म्हणत. काचा उभ्या टेकवून ठेवायच्या लाकडी घोडीवरून उतरवताना एक मोठी काच निसटली आणि त्यांच्या कोपराच्या आत खोल घुसली. जखम भरली, बोटांत जीव मात्र परतला नाही. तेव्हापासून रोज सकाळी, त्या उजेडात, बाबा मूठ मिटून दाखवत. मनगट मागे वाकवलं की बोटं आपसूक आत वळत, सैल सोडलं की उघडत. दोरी ओढल्यावर पडदा सरकावा तशी.

"कालच्यापेक्षा घट्ट आहे ना रे?"

"हो, बाबा," मी म्हणे.

आई पाठमोरीच राही.

नुकसानभरपाई ठरवण्यासाठी तपासणी होती. आदल्या दिवशी कामगार संघटनेचे काका घरी आले. "हात किती निकामी झालाय ते डॉक्टर लिहिणार, आणि त्यावरच सगळं ठरणार. हा तुमचा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत. जे होत नाही, ते होत नाही म्हणायचं. तिथे मर्दुमकी नको."

"होतं ते होत नाही कसं सांगू?" बाबा तडकले. "मी काय लुळा आहे?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिकामे कप उचलून मोरीकडे गेलो.

तपासणीच्या खोलीत मालकाच्या बाजूने मुकादम येऊन बसले होते.

"या हिरेवाले! हात अजून रजेवरच का?"

"रजा संपत आली त्याची," बाबा हसले.

"मग दाखवा की! तुमच्या जागी आणलेला माणूस कापतो कमी, फोडतो जास्त. मालक रोज तुमचं नाव काढतात."

कित्येक महिन्यांनी बाबांची पाठ ताठ झाली. डॉक्टर आधीच्या माणसाचे कागद आवरत होते. "मूठ मिटा," ते म्हणाले.

बाबांनी मनगट मागे वाकवलं. बोटं वळली.

"उघडा. पुन्हा मिटा."

पुन्हा वळली.

"पकड आहे," डॉक्टर लिहू लागले. "सुधारणा चांगली आहे."

मी उभा राहिलो होतो. मनगट सरळ धरून मिटायला सांगा, एवढंच मला म्हणायचं होतं. मनगट सरळ असलं की बोटं हलतच नसत. पण ते बाबांच्या देखत म्हणावं लागणार होतं. आणि बाबा माझ्याकडे पाहत होते, पहिला नंबर आलेला मुलगा बापाकडे पाहतो तसे.

"काय हवंय?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"काही नाही."

"मग इथे यांची सही."

बाबांनी पेन डाव्या हातात घेतलं. अक्षरं उताराला लागली. मुकादमांनी ते पाहिलं आणि नजर खिडकीबाहेर वळवली.

बाहेर काका थांबले होते. डॉक्टरांनी काय लिहिलं ते त्यांनी ऐकलं. मग मला बाजूला ओढून म्हणाले, "फेरतपासणी मागता येईल. पण हात गेला, हे त्यांनी स्वतः सांगायला हवं. सांगतील?"

मी बाबांकडे पाहिलं.

"चला, आज चहा माझ्याकडून!" बाबांनी हाक दिली.

कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांनी डाव्या हाताने काचेचा पेला उचलून उजव्या बोटांच्या कडीत बसवला आणि मनगट मागे वाकवून धरला. "बघ! सोमवारपासून कामावर." उकळता चहा काठावरून हिंदकळून बोटांवर ओघळत होता. कातडी लाल होत चालली होती. बाबा मात्र रंगात येऊन मुकादमांची नक्कल करत होते.

मी पेला काढून घेतला.

"अरे, धरलाय की मी!" ते म्हणाले.

बाबांचा उजवा हात गेला होता.