गाडीखालचे दोन शब्द

हेफेले घराण्यात गेरोल्डकाकांना विचारल्याशिवाय कुणी जुनी गाडी घेत नसे, आणि त्यांना सोबत नेल्यावर कुणी सांगितलेल्या किमतीला घेत नसे. काकांनी चौतीस वर्षं वाहन तपासणी केंद्रात गाड्या नापास करण्यात घालवली होती. पासही करायचे, नाही असं नाही, पण जिवावर आल्यासारखे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी दुकानाबाहेर उभ्या असलेल्या परक्या गाडीच्या टायरकडे वाकून पाहिल्याशिवाय त्यांना पाव आणायला जमत नसे.

त्यांची पद्धत अगदी साधी. दोष सापडला की एकदाच सांगायचा, थंड आवाजात, आणि मग तोंडाला कुलूप. विकणारा दोन मिनिटं तग धरतो, मग आपणच शंभर-दोनशे युरो खाली येतो. चांगलं काही दिसलं तर ते गिळून टाकायचं. हे गिळणं काकांना जड जात नव्हतं, कारण आम्ही दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेनची माणसं कौतुकाच्या बाबतीत पहिल्यापासून चिक्कू. जेवण आवडलं तर गपचूप दुसऱ्यांदा वाढून घेतो. आणि अगदीच भारावलो, तर म्हणतो, "वाईट नाही." याच्या पुढची पायरी आमच्याकडे नाही. काकांच्या तोंडून तर हे दोन शब्द कधी कुणी ऐकलेच नव्हते, गाडीबद्दलही नाही आणि माणसाबद्दलही नाही.

तर अशा या काकांना त्यांची पुतणी फ्रान्का शनिवारी दुपारी गाडी बघायला घेऊन निघाली. फ्रान्का सुईण. परीक्षा पास झाली होती आणि सोमवारी वर आल्बच्या पठारावरच्या तीन खेड्यांत कामावर हजर व्हायचं होतं. त्या खेड्यांत बस दिवसातून दोनदा जाते, आणि पोरं काही बसची वेळ पाहून जन्माला येत नाहीत. गाडी नसेल तर नोकरी दुसरीला, असं तिला स्वच्छ सांगण्यात आलं होतं. तिच्याजवळ होते सहा हजार नऊशे, सगळे साठवलेले. गाडीची किंमत होती सात हजार चारशे. मधले पाचशे काकांनी उतरवायचे, यासाठीच तर त्यांना आणलं होतं.

"आनंद दाखवायचा नाही," काकांनी वाटेत बजावलं. "दात दिसले की शंभर युरो गेले म्हणून समज."

गाडी काकांच्या मते मुळातच भंपक. बारा वर्षांची, गडद लाल, बोटभर लांबीची, पण नाव मोठ्या घराण्याचं आणि आत कातडी सीट. अर्ध्या गाडीला दीड गाडीचे पैसे, असं ते या जातीच्या गाड्यांबद्दल नेहमी म्हणत. विकणाऱ्या होत्या ट्राउडेल बोसलर, सत्तरीच्या विधवा बाई. त्यांनी अंगण झाडून ठेवलं होतं, हातात बिलांची फुगलेली फाईल होती आणि खिडकीत लोणी लावलेल्या ब्रेत्झेल पावांची ताटली. काकांनी ब्रेत्झेलला नकार दिला. विकणाऱ्याच्या घरचं खाल्लं की जीभ मऊ पडते.

त्यांनी पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवला. थंडगार. म्हणजे बाईंनी आधी इंजिन तापवून कुरकुर लपवली नव्हती. किल्ली फिरवली. या इंजिनांची साखळी सैल झाली की सुरू होताना पहिले दोन-तीन सेकंद खडखडते, हे काकांना पाठ होतं. ते कान लावून उभे राहिले. इंजिन नुसतं हं म्हणालं आणि चालू लागलं. मग रुमालात गुंडाळलेला लोहचुंबक त्यांनी दारांवरून, चाकांच्या वरच्या पत्र्यावरून फिरवला. पोचा बुजवायला कुठे पुट्टी भरलेली असेल तर चुंबक घसरतो. तो कुठेच घसरला नाही. काचांवर छापलेलं साल तपासलं, सगळ्या एकाच वर्षाच्या. ब्रेकच्या चकत्या पाहिल्या, सीटची कड पाहिली, तेलाचं झाकण उघडून हुंगलं. काहीच सापडेना, तशी त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागली.

शेवटी एकदाचं घबाड हाती लागलं. मागचे दोन टायर आठ वर्षांचे होते. काकांनी ते थंड आवाजात सांगितलं आणि गप्प बसले. बोसलरबाईही गप्प बसल्या. चांगलं मिनिटभर दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग बाईंनी गॅरेजच्या कोपऱ्यातलं फडकं उचललं. खाली चार कोरे टायर रचलेले, बिलासकट, गाडीबरोबर द्यायला. चक्कर मारून येताना क्लच जरा उशिरा धरतो असं काकांनी म्हणून पाहिलं. बाई मागच्या सीटवरून शांतपणे म्हणाल्या की पंधरा दिवसांपूर्वी नवा टाकलाय, आणि तुम्हाला बहुतेक जुन्याची सवय असेल. फ्रान्का खिडकीबाहेर बघायला लागली, पण तिचे खांदे हलत होते.

आता उरला होता तळ. काकांनी घरून आणलेला पुठ्ठा अंथरला, टॉर्च घेतला आणि त्र्याहत्तराव्या वर्षी गाडीखाली सरपटले. बारा वर्षांच्या गाडीचा तळ म्हणजे खोटं न बोलणारी जागा. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्रा खातं. जॅक लावायची जागा, सायलेन्सर, ब्रेकच्या नळ्या, सगळं त्यांनी बोटानं चाचपून पाहिलं. सगळ्यावर मेणाचा पातळ, एकसारखा थर होता. कुणीतरी दर वर्षी थंडीआधी खाली झोपून तो हातानं दिला होता, अगदी नळीच्या मागच्या बाजूलासुद्धा, जिथे कुणी कधी पाहणार नाही. चौतीस वर्षांत काकांनी असा तळ पाहिला नव्हता. तिथे ते एकटे होते, वर फक्त गाडी होती, आणि त्यांच्या जिभेचा तोल गेला.

"वाईट नाही," ते म्हणाले.

बाहेर आले, तेव्हा बोसलरबाई जागच्या हलल्या नव्हत्या. फाईल मात्र त्यांनी मिटून काखेत धरली होती. काकांनी कपडे झटकले आणि दारावर एक ओरखडा आहे, सहा हजार नऊशे देतो, असं म्हणाले. आवाज थंडच होता, पण कान लाल झाले होते.

"गाडीखाली काय म्हणालात?" बाईंनी विचारलं.

काहीच नाही, असं काका म्हणाले. खोकलो असेन.

बाईंनी फ्रान्काकडे पाहिलं. फ्रान्कानं मान खाली घातली. एवढा वेळ शहाण्यासारखी गप्प राहिली होती, पण आता तिच्यानं राहवलं नाही. सोमवारपासून नोकरी आहे, बायका वाट बघतायत, एवढेच पैसे आहेत, असं सगळं तिनं भडाभडा सांगून टाकलं. सौद्याची माती झाली. काकांनी डोळे मिटून घेतले.

बोसलरबाई म्हणाल्या, "सहा हजार नऊशेला देते. पण हेफेले, जे झोपून म्हणालात ते उभं राहून म्हणायचं. माझ्यासमोर."

"त्याची काय गरज आहे?"

"मला आहे. ते मेण मी लावलंय, बारा वर्षं, खाली झोपून. आमचे हे बाजूला खुर्ची टाकून बसायचे. बेचाळीस वर्षांच्या संसारात चांगलं म्हणून एक अक्षर बोलले नाहीत. तसेच गेले. मला एकदा ऐकायचंय."

काकांनी घसा खाकरला. फ्रान्का त्यांच्याकडे आशेनं बघत होती. त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, पण जीभ काही केल्या वळेना. कुंपणापलीकडे शेजारी हातातला झाडू थांबवून उभा होता. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, यावेळी गाडीकडे बघून, आणि "वाई" एवढंच बाहेर आलं. बाईंची नजर त्यांच्यावरून ढळत नव्हती. त्या नजरेत थट्टा होती, पण तेवढीच नव्हती, आणि त्यामुळे काकांना जास्तच अवघड झालं. खरं सांगायचं तर त्यांना ते म्हणायचं होतं. मेणाचा तो थर त्यांना मनापासून आवडला होता. पण त्र्याहत्तर वर्षांची सवय अशी अंगणात उभ्या उभ्या मोडत नाही.

मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. पाकीट काढलं. फ्रान्काला वाटलं, चष्मा शोधतायत. काकांनी शंभराच्या पाच नोटा काढल्या, एकेक बोटांत चोळून पाहिली आणि फ्रान्काच्या हातातल्या पैशांवर ठेवून सगळा गठ्ठा बाईंपुढे धरला. सात हजार चारशे, मागितले तेवढे पुरते.

 हे गेरोल्ड हेफेले, जे वापरलेले खिळे ठोकून सरळ करतात, त्यांनी सवलत हातात असताना पदरचे घालून पूर्ण किंमत मोजली होती. कुंपणापलीकडे झाडू खाली पडला.

बोसलरबाईंनी नोटा हातात घेतल्या, पण मोजल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"अहो हेफेले," त्या म्हणाल्या, "इतकं कौतुक नको होतं हो."