गळ्यावरचे दाणे

"मेहुणीबाई, एवढे दाणे काढा, फोटो एकदम चकाचक करा," म्हणत भावोजी तिच्या फोटो स्टुडिओत, तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. या माणसाच्या जिभेवर सदा साखर. फोटो ताईचा होता, अंधाऱ्या खोलीत मोबाइलवर काढलेला, वाळू उडाल्यासारखा ठिपक्यांनी भरलेला. ताई हल्ली फोनवर येतच नव्हती. घसा बसलाय, असं भावोजीच सांगायचे.

तिने संगणकावर नॉइज, म्हणजे हे दाणे, कमी करायची पट्टी सरकवली. भिंत गुळगुळीत झाली, पडदा झाला, ताईचे गालही झाले. गळा मात्र होईना. पट्टी टोकाला भिडली तरी तिथले काळपट डाग जागचे हलेनात. कॅमेऱ्याचे दाणे इतके हट्टी नसतात, हे तिला रोजच्या कामाने पक्कं ठाऊक होतं. तिने फोटो मोठा केला. गळ्याच्या एका बाजूला चार डाग, दुसऱ्या बाजूला एक.

तेवढ्यात भावोजींचा हात तिच्या खांद्यावर पडला. चार बोटं पुढे, अंगठा मागे मानेवर.

"तेच तर काढायचेत, मेहुणीबाई," ते गोड हसले आणि टाचेने स्टुडिओचं दार लोटून दिलं.