दुसऱ्याच्या पाळीचं पाणी

हुंझा नदीच्या वरच्या अंगाला बीबी नूमाचा लसूणघासाचा एक तुकडा होता. नवऱ्याने कडा फोडून तिथवर पाट नेला आणि त्याच कड्यावरून घसरून तो मेला. आता तिथे चीनकडून येणाऱ्या ट्रकांचा तळ व्हायचा होता. दिल्ली म्हणते मुलूख आमचा, इस्लामाबाद म्हणतं वादातला, बीजिंग म्हणतं भांडा खुशाल, रस्ता तेवढा होऊ द्या. ज्यांच्या छातीवरून रस्ता जातो त्यांना कोण विचारतं?

मोजणीचा साहेब दुपारी यायचा होता. ओली जमीन गावकऱ्याची, कोरडी सरकारची, असा त्याचा नियम. यंदा बर्फ कमी पडलेलं, घास करपलेला, आणि पाटाच्या पाण्याची नूमाची पाळी परवा. तिने पाळी बदलून मागितली. कुणी दिली नाही. शेजारचा नियत शाह तर हसलाच.

त्या दिवशी सकाळी ती वर गेली, तर तुकड्यात पाणी खेळत होतं. नियत शाहच्या पाळीचं! तिच्या डोक्यात सणक गेली. कुणाचं पाणी विनाहरकत आपल्या रानात शिरू दिलं, की रानावर त्याचा हक्क लागतो, ही गावाची रीत. शिवाय हा नियत शाह आठवडाभर साहेबाच्या जीपमधून हिंडत होता.

"मेल्या, विधवेचं रान गिळतोस होय!" तिने फावड्याने पाटाचं दारं मोडलं आणि सगळं पाणी त्याच्या जर्दाळूंत सोडलं.

रान रेताड. दुपारपर्यंत खडखडीत वाळलं. साहेबाने बुटाने माती उकरली आणि दगडावर सरकारी जमिनीचा लाल रंग फासला.

"साहेब, माझ्या नावाचा कागद द्या ना!"

"मुलूख वादातला आहे, बाई. कागद कसा देणार?"

"कागदाला वाद, आणि ट्रकला नाही?"

साहेब जीपकडे वळला.

नियत शाह धापा टाकत आला. "आपा, दारं कुणी मोडलं? मी तुझ्यासाठी सोडलं होतं पाणी!"

"मग सांगितलं का नाहीस?"

"पाळी परस्पर दिली कळलं असतं, तर पंचांनी माझं पाणी महिनाभर तोडलं असतं."

नूमाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग चल. साहेब आहे तोवर पंचांसमोर हेच बोल. रान सकाळी ओलं होतं म्हणून सांग."

नियत शाहने आपल्या जर्दाळूंकडे पाहिलं. मग जीपकडे.

"चल ना," ती म्हणाली.

तो जागचा हलला नाही.