घाटातला काटा

सासूबाईंचं बिऱ्हाड ट्रेलरवर लादून जावयाची पिकअप घाट चढत होती, आणि गिअरबॉक्सच्या तेलाच्या तापमानाचा काटा तिच्याही पुढे पळत होता. जावयाने खालचा गिअर टाकला, वेग कमी केला, एसी बंद केला. काटा काही ऐकेना. शेवटी त्याने भर उन्हात हीटर लावला.

"हा इंजिनाची उष्णता बाहेर ओढतो, म्हणजे तेलही निवतं," घाम पुसत त्याने समजावलं.

"बाहेर कुठे? सगळी माझ्याच पदरात पडतेय," सासूबाई म्हणाल्या.

"तरी सांगत होतो, ते कपाट, ते शिवणयंत्र विकून टाका. भंगाराचा मोह सुटत नाही माणसाला!"

एवढ्यात काटा लाल पट्ट्यात शिरला. जावयाने गाडी कडेला घेतली आणि फर्मान सोडलं, "सगळ्यात जड असेल ते इथेच उतरवायचं."

सासूबाईंनी शिवणयंत्र हलवून पाहिलं, कपाट ढकलून पाहिलं आणि मग त्यामागची ताडपत्री ओढली. खाली काळाठिक्कर गिअरबॉक्स ऐसपैस बसला होता. याच पिकअपचा, मागच्या खेपेला याच घाटात जळलेला, तेव्हापासून सासूबाईंच्या अंगणात पडलेला, आणि 'कधीतरी कामाला येईल' म्हणून जावयाने सकाळी गुपचूप चढवलेला.

जावई मान खाली घालून तो उतरवायला वाकला.

"राहू द्या हो," पदराने वारा घेत सासूबाई म्हणाल्या. "एकटा कंटाळला असेल बिचारा. माथ्यावर पोचेपर्यंत त्याला जोडीदार मिळेलच."