वाजवून दाखवा

लातूरच्या ट्यूशन एरियात जुनी वाद्यं आणि साउंडचं सामान घेणारं-विकणारं एकच दुकान होतं, हनुमंताचं. दुकान म्हणजे बारा बाय पंधराचा गाळा. भिंतीला पाच-सहा गिटारी टांगलेल्या, खाली अ‍ॅम्प्लिफायरची थप्पी, आणि मधे स्टुलावर चष्मा नाकावर घसरलेला हनुमंत. एके काळी हा माणूस ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा, उदगीरपासून भोकरपर्यंत. पुढं डीजे आला, ऑर्केस्ट्रे बसले आणि त्यांचं सामान मातीमोल भावानं हनुमंताकडं आलं. ते विकत घेतलं कुणी, तर क्लासवाल्यांनी. चारशे पोरं एका पत्र्याच्या शेडात कोंबायची, तर सरांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायला नको? ज्या स्पीकरवर लावण्या ऐकून लोकांनी फेटे उडवले, त्याच स्पीकरवर आता पोरं भौतिकशास्त्र ऐकत होती. हनुमंताला त्याची गंमत वाटायची आणि त्यावर त्याचं घरही चालायचं.

बोलायला गोड, पण एका बाबतीत हनुमंत हट्टाला पेटायचा. कुणी काही विकायला आणलं की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "वाजवून दाखवा." गिटार असेल तर वाजवायची. अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्याचं दुखणं सांगायचं, म्हणजे कुठलं बटण खरखरतं, कुठल्या बाजूला थाप मारली की गुरगुर थांबते. ज्यानं ते वापरलंय त्याला हे ठाऊक असतंच. चोराला नसतं. ज्याला जमलं नाही त्याच्या सामानाला हनुमंत हात लावायचा नाही, मग तो नगरसेवकाचा माणूस का असेना. ह्या नियमाचा त्याला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर जरुरीपेक्षा थोडा जास्तच होता.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी चाकूरचे अमृतराव गुरुजी दुकानात आले. काखेत चादरीत गुंडाळलेली लांबट वस्तू. चादर सोडली तर आत लाल रंगाची बेस गिटार निघाली, जुनी पण जीव लावून जपलेली.

"विकायची हाय," गुरुजी म्हणाले.

"वाजवून दाखवा."

"मला कुठं येतंय? लेकीची हाय ही. तिचा मामा नांदेडला ऑर्केस्ट्रात होता, त्यानं दिली."

"मग लेकीला घेऊन या, गुरुजी."

गुरुजींचा चेहरा उतरला. "चोवीस वर्षं झाली शाळेत शिकवायलोय मी. मी काय चोरी करून आणली व्हय?"

"तसं न्हाई. पण नियम हाय. सख्खा भाऊ आला तरी मी हेच म्हणतो."

गुरुजी खुर्चीवर टेकले आणि न विचारता सांगू लागले. लेक वैष्णवी. दहावीला सत्त्याण्णव टक्के. क्लासनं हुशार पोरांच्या पहिल्या बॅचला बसवली होती, दोन चाचण्यांत ती तिसऱ्या बॅचला गेली. खोलीची मालकीण सुमनबाई म्हणाली, पोरगी अभ्यास सोडून गिटार कपाटाला टेकवून वाजवत बसते. अ‍ॅम्प्लिफायर नाही, म्हणून कपाटाच्या लाकडातून आवाज काढते. हे सांगताना गुरुजींना राग कमी आणि भीती जास्त वाटत होती. "एका मार्कावर मेडिकलची सीट जाते, हनुमंतराव. माझ्या दोन्ही भावांची पोरं घरी बसून हायत. हिच्यावरच हाय सगळं."

हनुमंतानं चहा पाजला आणि नियम काही सोडला नाही. गुरुजी रविवारी येतो म्हणून गेले.

शनिवारी दुपारी एक मुलगी दुकानात शिरली. क्लासचा निळा ड्रेस, गळ्यात ओळखपत्र उलटं फिरलेलं, दोन्ही हातांनी दप्तराचे पट्टे घट्ट धरलेले. क्लास सुटला की अशी पोरं डोकवायचीच. ती भिंतीकडं बघत उभी राहिली आणि मग म्हणाली, "काका, ज्याला वाजवता येत नाही, त्याचं तुम्ही घेत नाही म्हणतात. खरंय?"

"खरंय."

"कुणाचंच नाही?"

"कुणाचंच न्हाई."

"का पण?"

आता असं विचारलं की हनुमंत हातातलं काम बाजूला ठेवायचा. शिवमूर्तीची गोष्ट त्यानं आजवर शंभर जणांना सांगितली असेल, तशी तिलाही सांगितली. शिवमूर्ती त्याच्याच ऑर्केस्ट्रातला, त्याच्यासारखाच बेस वाजवणारा, किल्लारीकडचा. त्र्याण्णव साली गणपती बुडवायला गावी गेला आणि त्याच रात्री भूकंप झाला. तो सोलापूरच्या दवाखान्यात आहे, हात मोडलाय, बाकी ठीक आहे, असं कुणीतरी सांगितलं होतं. हनुमंत त्या भरवशावर होता. ऑर्केस्ट्रा चालू असतानाच त्यानं हे दुकानही नुकतं सुरू केलं होतं. सहाव्या दिवशी एक माणूस मदतीत वाटलेल्या घोंगडीत गुंडाळून एक बेस गिटार घेऊन आला. धूळ भरलेली, रंग खरवडलेला. हनुमंतानं काही विचारलं नाही, उलट घासाघीस करून आणखी स्वस्तात घेतली. मग साफ करायला मागची झाकणी उघडली, तर आत बॉलपेननं लिहिलेलं, शिवमूर्ती. सोलापूरची बातमी खोटी होती. माणूस ढिगाऱ्याखाली होता आणि वरून चोर सामान उपसून नेत होते. त्याला अजून कुणी बाहेरही काढलेलं नव्हतं, तोवर त्याची गिटार हनुमंताच्या गल्ल्याशी येऊन पडली होती.

"त्या दिवसापासून नियम," हनुमंत म्हणाला. "वाजवता आलं न्हाई म्हणजे ते तुझं न्हाई. मग मी घेत न्हाई. देव आला तरी न्हाई."

मुलीनं सगळं कान देऊन ऐकलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते बघून हनुमंताला बरं वाटलं. जाताना ती म्हणाली, "चांगला नियम आहे, काका."

रविवारी अमृतराव लेकीला घेऊन आले, आणि ती हीच मुलगी निघाली. हनुमंत ओळख दाखवणार होता, पण तिनं नजर दिली नाही. दुकानात एका क्लासचा शिपाई ग्यानोबा कॉलर माइक दुरुस्त व्हायची वाट बघत बसला होता. हनुमंतानं लाल गिटारीला वायर जोडली, आवाज लावला आणि तिच्या हातात दिली. "वाजव, बाई."

वैष्णवीनं गिटार मांडीवर घेतली ती आडवीतिडवी. अंगठा भलत्याच तारेवर. एक तार ओढली, दुसरी ओढली, काहीतरी भसाडं निघालं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग हात खाली सोडून म्हणाली, "मला येत नाही."

"असं काय करायलीस?" गुरुजी दचकले. "घरी तर वाजवती."

"नाही येत, पप्पा. मामा वाजवायचा. मी नुसती घेऊन बसायची."

ग्यानोबानं गुरुजींकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. गुरुजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चोवीस वर्षं ज्यांनी पोरांच्या खोड्या पकडल्या, त्यांना आज भर दुकानात चोर ठरवलं जात होतं आणि तेही पोटच्या पोरीकडून.

हनुमंताला मात्र सगळं लख्ख कळलं. काल ही पोरगी नियम ऐकायला आली नव्हती, मोजमाप घ्यायला आली होती. आता त्यानं नुसतं "मला जमणार न्हाई, गुरुजी" म्हटलं असतं, तर नियमही राहिला असता आणि गिटारही. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. पण त्याच्या डोक्यात सणक गेली. आपल्या शिवमूर्तीच्या मरणाचा हिनं डाव केला, आपण गहिवरून सांगत होतो आणि ही आतल्या आत हिशोब करत होती, एवढंच त्याला दिसलं. सोळा वर्षांच्या पोरीकडं दुसरं काय हत्यार होतं, हे त्याला तेव्हा दिसलं नाही.

"डावा हात बघू," तो म्हणाला.

तिनं मूठ आवळली.

"गुरुजी, पोरगी खोटं बोलायली. गिटार हिचीच हाय आणि हिला चांगली वाजवता येती. उघडा मूठ."

गुरुजींनी तिचं मनगट धरलं आणि एकेक बोट उलगडलं. चारही बोटांची टोकं निबर झालेली, तारांचे वळ उमटलेले. बेसची जाड तार वर्षानुवर्षं दाबल्याशिवाय असं होत नाही. ग्यानोबानं मान हलवली आणि गुरुजींनी सुटकेचा श्वास सोडला. वैष्णवीनं हनुमंताकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर त्याला सोसला असता. तिला नुसतं आश्चर्य वाटलं होतं.

"आता नीट वाजव," गुरुजी म्हणाले. "लोकांपुढं माझी अब्रू घालवू नको."

मग ती वाजवू लागली. गाणं ओळखीचं नव्हतं, बहुतेक तिचंच असावं. खालच्या सुरात संथ सुरुवात केली. एक सूर सोडून दुसरा घेताना ती मधे थांबत होती, आणि त्या थांबण्यातच सगळं होतं. थप्पीतले जुने अ‍ॅम्प्लिफायर थरथरले, काउंटरवरचे स्क्रू हलले. हनुमंत वीस वर्षं हे वाद्य वाजवत होता. त्याला असं थांबणं कधी जमलं नव्हतं, शिवमूर्तीलाही नाही. आणि हे हात त्यानंच आत्ता उघडे पाडले होते. अमृतराव मान खाली घालून ऐकत होते. लेकीचं वाजवणं असं स्पीकरवर त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि हनुमंताला क्षणभर आशा वाटली.

वाजवणं थांबल्यावर गुरुजींनी घसा साफ केला. "आवाज झकास हाय की हिचा. मग भावही तसाच यायला पाहिजे, हनुमंतराव."

"मला नको," हनुमंत पटकन म्हणाला. "राहू द्या पोरीकडं. परीक्षा झाल्यावर बघा."

"आता काय झालं? नियम झाला की तुमचा." गुरुजींचा आवाज चढला. "तुम्ही घेत नसाल तर संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला नेतो. तिथंही न्हाई कुणी घेतली तर भंगारात टाकतो. पण परत खोलीवर जायची न्हाई."

हनुमंतानं गुरुजी म्हणाले ते पैसे दिले. गुरुजी बाहेर जाऊन गावाकडं फोन लावू लागले, तसा तो हलक्या आवाजात म्हणाला, "मी विकत न्हाई, बाई. तुझ्यासाठी ठेवतो. डॉक्टर झाली की घेऊन जा."

"ठेवू नका," वैष्णवी म्हणाली. "माझा क्लास समोर आहे. दिवसातून चार वेळा मी इथून जाते. ही भिंतीवर दिसत राहिली तर मला काही सुधरायचं नाही. विकून टाका." दप्तर उचलून ती दारापर्यंत गेली आणि वळली. "काका, मला वाजवता आलं नव्हतं. तुम्ही नको म्हणायला पाहिजे होतं."

ह्याचं उत्तर हनुमंत आजही शोधतो, असं त्याची बायको सांगते.

त्यानं ती गिटार आतल्या बाजूला, नजरेआड ठेवली आणि गिऱ्हाईक शोधू लागला. निदान वाजवणाऱ्याकडं जावी, एवढीच त्याची इच्छा. भोकरला फोन केला, उदगीरला केला, जुन्या ओळखीच्या सगळ्यांना केला. कुणी रिक्षा चालवत होता, कुणी वारला होता. बेस कुणालाच नको होती. दीड महिन्यानं नांदेडहून अंबरीश नावाचा तरुण आला. त्याचं नवं कॅफे होतं आणि भिंतीवर लावायला त्याला गिटार पाहिजे होती, लालच पाहिजे होती.

"वाजली नाही तरी चालेल, अंकल," तो म्हणाला. "फक्त तारा काढून द्या, पोरं छेडत बसतात. आणि भिंतीत ठोकायला मागून आरपार दोन भोकं पाडून द्या. ड्रिल आहे ना तुमच्याकडे?"

ड्रिल होतं. हनुमंतानं तारा काढल्या, गिटार टेबलावर पालथी घातली आणि दोन भोकं पाडली. लाकूड चांगलं होतं, वेळ लागला.

अंबरीशची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळते न वळते तोच वैष्णवी दारात उभी राहिली. ती पुष्कळ वाळली होती. एवढ्या दिवसांत तिनं दुकानाकडं एकदाही बघितलं नव्हतं.

"गेली का?" तिनं विचारलं.

"गेली."

"कुणी नेली?"

"नांदेडचा पोरगा हाय एक."

"वाजवतो?"

धंद्यात हनुमंतानं कधी खोटं सांगितलं नव्हतं. "वाजवतो," तो म्हणाला. "लई चांगली वाजवतो."

"तुम्हाला वाजवून दाखवली त्यानं?"

"दाखवली की."

वैष्णवीची नजर टेबलावर गेली. तिथं चार तारा वेटोळं करून पडल्या होत्या, आणि शेजारी लाल रंगाच्या कपच्या मिसळलेला लाकडाचा भुसा. हनुमंतानं हात आडवा घातला, पण तोवर तिचं बघून झालं होतं.

"बरं," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून क्लासच्या रांगेत जाऊन उभी राहिली.