माझ्या पोटातला लाल दिवा

मित्रांनो, मी विटांनी बांधलेली भट्टी आहे आणि मला राग धरता येतो. विटेत शिरलेली आच लवकर निघत नाही, तसाच माझा रागही.

डोंबिवलीला मानपाडा रस्त्यावर 'दौलत पिझ्झा' आहे, तिथे मी राहते. दौलतने माती कालवली, त्याच्या बायकोने, शीलाने, एकेक वीट हातात दिली आणि मी उभी राहिले. तेव्हा इथल्या बऱ्याच जणांनी पिझ्झा नुसता ऐकला होता. शीलाने तो आपल्या पद्धतीने केला. बोटभर जाड, कडेला लसणीची चटणी, वर कांदा, हिरवी मिरची आणि भरपूर चीज. गाव सोडून गेलेली माणसंसुद्धा सुट्टीला आली की आधी तो खायला येत.

आमची एक रीत होती. ज्याच्या घरी आनंद, त्याने माझ्या तोंडात एक लाकूड घालायचं. दहावी पास झालेल्या मुली घालत, साखरपुडा झालेली जोडपी घालत. एका आजोबांनी निवृत्तीच्या दिवशी घातलं आणि डोळे पुसताना धुराला नावं ठेवली. खरं तर माझा धूर सगळा धुराड्यातून वर जाई.

पुढे दौलत गेला. मुलगा प्रीतम गल्ल्यावर बसला. त्याने विजेची भट्टी आणली. पाऊस आत नको म्हणून माझ्या धुराड्यावर स्वतःच्या हाताने पत्रा ठोकला. मला गुलाबी ऑइलपेंट फासला, गळ्यात प्लास्टिकची फुलं अडकवली आणि पोटात लाल दिवा लावला. आनंद साजरा करायला आलेली माणसं आता बटण दाबून माझ्यापुढे फोटो काढत. मी पत्रा मात्र विसरले नाही.

यंदा प्रीतमची मुलगी सान्वी दहावी पास झाली. पाहुणे जमले.

"बाबा, मला खरं लाकूड घालायचंय. बटण नको," ती म्हणाली.

"घाल की. नाहीतरी सोमवारी पाडायचीच आहे. दोन टेबलं बसतील तिथे."

मी ऐकलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून शीलानेही ऐकलं.

"प्रीतम, अरे धुराड्यावर..."

"आई, तू बस गं. मी बघतो ना सगळं."

शीला बसली. तिने पदर नाकाला लावला.

प्रीतमने माझ्या पोटातला दिवा काढून ठेवला आणि लाकडं रचून जाळ केला. सान्वीने वर आपलं लाकूड ठेवलं. धूर वर गेला, पत्र्याला आपटला आणि खाली आला. मी तो कणभरही ठेवून घेतला नाही. पहिला लोट प्रीतमच्या पांढऱ्या कुर्त्यावर सोडला. ऑइलपेंटला फोड आले, प्लास्टिकची फुलं वितळून लोंबू लागली. पाहुणे खोकत रस्त्यावर पळाले. टेंभी नाक्याहून आलेले गोपीनाथमामा डोळे चोळत म्हणाले, "भाच्या, जेवायला बोलावलंस की डास मारायला?"

"आई, हे काय झालं गं?"

"वर तू पत्रा ठोकलायस. तेच सांगत होते."

"मग नीट सांगायचं ना."

"तू बघत होतास ना सगळं."

सगळ्या पाहुण्यांसमोर प्रीतम हातोडी घेऊन छपरावर चढला. खालून प्रत्येक जण सल्ला देत होता. पत्रा निघाला आणि किती वर्षांनी मी श्वास घेतला. मग शीलाने पदर खोचला आणि पीठ थापायला घेतलं.

पहिला पिझ्झा यजमानाचा. तो मी खालून काळाकुट्ट केला. त्यानंतरचे सगळे सोनेरी काढले. प्रीतमला तो काळा तुकडा चावत बसावं लागलं, कारण सगळे बघत होते. त्याच रात्री तिघांनी आपापल्या घरच्या आनंदासाठी शीलाशी दिवस ठरवला. खऱ्या लाकडाचा.

सोमवारी पाडणारे आले. शीलाने त्यांना विजेची भट्टी दाखवली. "ही उचला आणि मागे नेऊन ठेवा." प्रीतम शेजारी उभा होता. त्याने एका बाजूने हात लावला.

मित्रांनो, जुन्या वस्तूला काम द्या. ते जमत नसेल तर सरळ मोडून टाका. पण नटवून कोपऱ्यात उभी करू नका.

विजेची भट्टी आता मागच्या खोलीत आहे. सान्वीने माझा लाल दिवा तिच्या पोटात लावला आहे. संध्याकाळी तो पेटला की मला इथून दिसतो. मला तिची दया येत नाही.