तळाच्या थरातला अहम्

बसा मित्रांनो, एका गुडघ्याची गोष्ट सांगतो. मी एक जुना अहम् आहे. गिरगावातल्या सुरुचीच्या मनात राहतो. शाळा शिकलो नाही, शिकलो ते चटके खाऊन.

माझ्याआधी तिच्यात इदम् होतं. त्याला एकच येतं, ‘पायजे, आत्ताच पायजे!’ एकदा तान्ह्या सुरुचीनं गरम वरणात हात घातला, भाजला, तेव्हा मी जन्मलो. ‘थांब, फुंकर मार, मग खा,’ हे माझं पहिलं काम. पुढं आईच्या ओरड्यातून तिसरा आला, पराहम्. सारखे डोळे वटारून, ‘शोभतं का तुला?’ दोघांना सांभाळायचं आणि बाहेरचं जगपण बघायचं. कौतुक कसलं! उलट लोक तिला सांगतात, ‘अहम् सोड गं.’ मला घमेंड समजतात. अरे, मी गेलो तर हिला रस्ता कोण क्रॉस करून देणार?

यंदा गोकुळाष्टमीला माझा घाम निघाला. सुरुची बायकांच्या गोविंदा पथकात, तळाच्या थरात. सकाळी जिन्यावर तिचा गुडघा मुरगळला. पराहम् म्हणाला, ‘रडगाणं नको.’ तिनं कुणाला सांगितलं नाही.

दुपारी वाडीच्या तोंडाशी तीन थर लागले. चौथ्यासाठी जुई चढायला लागली, सतरा वर्षांची पोरगी. तेवढ्यात गुडघ्यात कळ आली.

इदम् किंचाळलं, ‘बस खाली!’

पराहम् गरजला, ‘मेलीस तरी हलू नकोस!’

बसली तर वरच्या सगळ्या कोसळणार. गप्प उभी राहिली तर गुडघाच दगा देणार. जुई अजून दुसऱ्या थरावर होती. मी म्हटलं, ‘पाय रोवून ठेव, आणि तोंडानं बोल.’

“सुचित्राताई, उतरवा! माझा गुडघा गेला!”

पथकाची म्होरकी सुचित्रा खवळली, “आत्ता सांगतेस? सकाळपासून मिठाची गुळणी धरलीवतीस काय गं?” पण शिट्टी मारली.

आधी जुई उतरली. मग तिसरा थर, मग दुसरा. खांद्यावरचा शेवटचा पाय सुटेपर्यंत सुरुची दात दाबून उभी, मग मटकन खाली बसली. गर्दीतून कोणीतरी हसलं. पराहम् आत बडबडतच होता, ‘घालवलीस लाज!’

जुई बर्फ घेऊन धावत आली. “मावशी, बरं झालं बोललीस. वर माझा पाय ठरतच नव्हता.”

मित्रांनो, खरं सांगू? सकाळी पराहम् ओरडला तेव्हा मीच दबलो. चूक माझी. तुमच्या आतपण माझ्यासारखा एक राबतोय. कुठंही उभं राहायच्या आधी त्याला एकदा विचारा, ‘झेपेल का रे?’ आणि तो नाही म्हणाला, तर लाजू नका. मोठ्यानं सांगा.